रडल्यावर दिसणारी गाठ

"आत्ता नाई दिसणार, मॅडम," ती म्हणाली. "आत्ता झोपली हाय ती."

मी तोवर बाळाच्या मानेवर जेल लावून बसले होते. नऊ दिवसांची मुलगी, पावणेतीन किलोची. आजीच्या मांडीवर मान मागे टाकून गाढ झोपली होती. लहान बाळाची सोनोग्राफी करणाऱ्याला याहून काय हवं असतं? मी बाळाच्या आईकडे लक्ष दिलं नाही. मशीनचा प्रोब मानेवर टेकवला. श्वासनलिका मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना थायरॉइडचे दोन चिमुकले भाग, बाहेरच्या बाजूला रक्तवाहिन्या. सगळं जिथल्या तिथे. गाठ नाही, पाणी नाही, सूज नाही.

"काही नाहीये मानेत," मी म्हणाले. "अगदी छान आहे बाळ."

"रडली का येते मॅडम. इथं." तिने स्वतःच्या गळ्याखालच्या खळग्यावर बोट ठेवलं. "लिंबाएवढी. चूप झाली का जाते."

तिचं नाव कांचन गजानन इंगोले. वय चोवीस. पहिलं बाळंतपण. नवरा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर, ती घरी ब्लाउज शिवायची. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी ती माझ्यासाठी ओपीडीतल्या अडतीस नंबरच्या पेशंटची आई होती आणि बाहेर अजून वीसेक बायका बाकावर बसल्या होत्या.

"मशीनमध्ये जे असतं ते दिसतं," मी म्हणाले. "नसतं ते दिसत नाही."

"मी खोटं नाई बोलून रायली."

"खोटं कोण म्हणतंय? पण बाळंतपणानंतर झोप होत नाही, मन हळवं होतं. भास होतात कधी कधी."

तिची सासू, सुभद्राबाई, इतका वेळ गप्प होती. तिला माझ्या बोलण्याने जोर आला. "म्याही तेच सांगून रायलो इले," ती म्हणाली. "रात्रंदिवस पोरीच्या गळ्याकडं पायत बसते. ना जेवण ना झोप. बयाडी झाली, येडी झाली म्हणतात समदे."

कांचनने मान खाली घातली. मी रिपोर्ट लिहिला: मानेची सोनोग्राफी सामान्य, कोणतीही गाठ आढळली नाही. खाली सही केली. डॉ. नयना सरोदे.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. रेडिओलॉजीची पदवी घेऊन सरकारी बाँडचं एक वर्ष भरायला विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या रुग्णालयात आले होते. मी मूळची नाशिकची. इथली बोली मला अर्धी कळायची, इथला मार्च सोसायचा नाही, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक दिवस खोडायचे. माझे सर, डॉ. घारपुरे, शहरातल्या मोठ्या वैद्यकीय कॉलेजात विभागप्रमुख होते. बाँड संपला की त्यांच्या हाताखाली परत जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते एकदा वर्गात म्हणाले होते की रिपोर्ट असा लिहावा की वाचणाऱ्याला दुसरा प्रश्न पडू नये. त्या दिवशीचा माझा रिपोर्ट तसाच होता. एका ओळीचा, स्वच्छ.

आमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. वानखडे भला माणूस. दिवसाला शंभर लेकरं तपासणारा. त्यांनी माझा रिपोर्ट पाहिला, बाळाला तपासलं, कांचनला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं. मी त्या मुलीला विसरून गेले.

सोळा दिवसांनी, सोमवारी, बाराच्या सुमाराला मी चहासाठी खोलीबाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये कांचन उभी. कडेला सुभद्राबाई, तिच्या खांद्यावर बाळ. कांचनच्या हातात फाइल. पूर्वीपेक्षा वाळली होती. पण मान खाली नव्हती.

"मॅडम, तुमच्या त्या रिपोर्टची कॉपी पाह्यजे. आमची हरवली. मोठ्या डॉक्टरनं मागतली."

"कोणत्या मोठ्या डॉक्टरनी?"

"शहरातल्या. गुरुवारी ऑपरेशन हाय पोरीचं."

मी फाइल हातात घेतली. तिथेच, भिंतीला टेकून वाचली. घरी गेल्यावर चार दिवसांत बाळाला सर्दी झाली होती. तालुक्याच्या डॉक्टरने छातीचा एक्स-रे काढला. त्यात छातीच्या वरच्या भागात रुंद सावली दिसली, तशी त्याने थेट शहराची चिठ्ठी दिली. तिथे रक्त घेताना बाळ कळवळून रडलं आणि सुई टोचणाऱ्या निवासी डॉक्टरला गळ्याखाली गाठ दिसली. म्हणजे कांचन सांगत होती ती गाठ होती. मग बाळाला गुंगीचं औषध देऊन सीटी स्कॅन झाला. गुंगीत ती शांत झोपली होती. मानेत काहीच आलं नाही. छातीत मात्र, हाडामागे, मोठा मऊ भाग. खाली लिहिलं होतं: 'बहुधा थायमस ग्रंथी. तथापि गाठीची शक्यता नाकारता येत नाही.' सही डॉ. घारपुरे.

हे शेवटचं वाक्य आम्ही सगळेच लिहितो. दिवसाला साठ रिपोर्टांवर सही करणाऱ्याला ते लिहावंच लागतं. पण वाचणारा सर्जन ते वेगळं वाचतो. मानेत येणारी-जाणारी गाठ, छातीत मोठा भाग, आणि शक्यता नाकारता येत नाही. बालशल्यचिकित्सक डॉ. मुळ्यांनी ठरवलं होतं की गळ्याच्या तळाशी चिरा देऊन आत बघायचं, तुकडा काढायचा, आणि संशय आला तर सगळंच काढायचं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं.

"सामान्य रिपोर्ट होता ना तुमचा," कांचन म्हणाली. "थो कसा काय, असं विचारत होते थे."

"बस, कॉपी काढून देते," मी म्हणाले आणि वळले.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं.

सुभद्राबाई त्याला थोपटायला लागली. मी मागे वळून पाहिलं. बाळाचं तोंड लाल, मुठी आवळलेल्या, मान मागे ताणलेली. आणि गळ्याच्या खळग्यात, दोन हाडांच्या मधोमध, एक गोल फुगवटा वर येत होता. प्रत्येक आक्रोशाबरोबर वर. श्वास आत घेतला की खाली. लिंबाएवढा. कांचनने सांगितला होता अगदी तसाच.

बाळ रडून श्वास घेतं तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि उतरतो. दाबाबरोबर वर येतं आणि त्याच्याबरोबर खाली जातं, असं छातीत काय असेल? मी उभ्या जागी हातातल्या फाइलकडे पाहिलं. बहुधा थायमस.

थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी. तान्ह्या बाळात ती चांगली मोठी असते, मोठेपणी आक्रसून जाते. शरीराला रोगाशी लढायला शिकवते ती. क्वचित एखाद्या बाळात तिची वरची कड सैल असते. जोर लावला की मानेत डोकावते, जोर ओसरला की घरी जाते. मी हे एका पाठ्यपुस्तकात चार ओळींत वाचलं होतं. प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. आणि ते सिद्ध केल्याशिवाय म्हणण्यात काही अर्थ नव्हता, कारण एकदा मी न बघता खात्रीने बोलून बसले होते.

"आत आणा तिला," मी म्हणाले. "आत्ता. पटकन."

आत नेईपर्यंत सुभद्राबाईने बाळाच्या तोंडात बोट दिलं होतं. ते चोखत बाळ गप्प झालं. मी प्रोब टेकवला तेव्हा मान पुन्हा जशीच्या तशी, रिकामी.

मी कांचनकडे पाहिलं. "रडायला हवी ती. मी बघत असताना रडायला हवी."

"आत्ता भूक लागली हाय तिले," कांचन म्हणाली. "मी पाजणारच होती. नाई पाजलं तं पाच मिनिटांत रडंल."

"थांबशील?"

पदराखाली तिचं दूध झरत होतं, ब्लाउज ओला झालेला दिसत होता. बाळाने तिचा वास ओळखून तोंड तिच्याकडे वळवलं होतं.

सुभद्राबाई उठलीच. "हे कसलं तपासणं? लेकराले उपाशी ठिवून रडवता? आमच्या घरात असं कोणी करत नाई. दे इकडं तिले, कांचन."

"बसा, आत्याबाई."

"कांचन, म्या म्हणतो—"

"बसा म्हणते नं," कांचन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पंचवीस दिवस झाले मी सांगून रायली. आज कोणीतरी पायतो म्हणते. पाहू द्या."

सुभद्राबाई बसली. कांचनने बाळ टेबलावर ठेवलं, स्वतः एक पाऊल मागे सरकली आणि हात पाठीमागे बांधले. खोलीत कुलरचा आवाज होता. बाळाने आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग कुरकुर, मग एकदम टाहो फोडला. मी बाळाच्या आईकडे पाहणं टाळलं. माझे डोळे पडद्यावर.

आणि ते आलं. छातीच्या हाडामागून, अंधारातून, दाणेदार पोताचा एक पट्टा सरकत वर आला. त्याने श्वासनलिकेला दाबलं नाही, ढकललं नाही. रक्तवाहिन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरला, क्षणभर थांबला, आणि बाळाने श्वास घेताच तसाच सरकत खाली गेला. पुन्हा आक्रोश, पुन्हा वर. मी प्रोब खाली झुकवला. वर आलेला भाग आणि छातीतली ग्रंथी सलग होती, मध्ये कुठे तुटत नव्हती. दोन्हीकडे तेच बारीक ठिपके, तोच पोत. गाठ असती तर पोत वेगळा असता. ही त्या बाळाची स्वतःची ग्रंथी होती, जन्मापासूनची, निरोगी.

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. वीस सेकंद, मग आणखी वीस.

"घे," मी म्हणाले. "पाज तिला."

कांचनने बाळाला उचललं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली. बाळाचा आवाज बंद झाला. मी डॉ. वानखड्यांना फोन करून खाली बोलावलं आणि रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी ते तीनदा पाहिलं. मग ते कांचनच्या खुर्चीजवळ गेले.

"बेटा," ते म्हणाले, "मी तुला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या."

"खाल्ल्या मी त्या," कांचन म्हणाली.

ते हसले नाहीत. "तुझं बरोबर होतं," ते म्हणाले.

दुपारी मी घारपुरे सरांना फोन लावला. आधी दोन वेळा नंबर फिरवून ठेवून दिला होता. त्यांच्या सहीच्या रिपोर्टावर मी बोलणार होते.

"सर, इंगोले बेबी. गुरुवारी डॉ. मुळ्यांकडे आहे. मला वाटतं तो नुसता थायमस आहे. रडताना मानेत वर येतो."

"तुला वाटतं?"

"मी पाहिलंय सर. रेकॉर्ड केलंय."

"तुझा आधीचा रिपोर्ट आहे ना या केसमध्ये? नॉर्मल?"

"हो सर."

"मग कोणता खरा धरायचा?"

मी श्वास घेतला. "पहिला अपुरा होता. मी झोपलेल्या बाळाची मान पाहिली. आई सांगत होती की रडताना येते. मी ऐकलं नाही."

"आम्हीही झोपलेल्या बाळाचाच सीटी केला," ते म्हणाले. "बुधवारी घेऊन ये. आठ वाजता."

डॉ. वानखड्यांनी सिव्हिल सर्जनकडून माझी रजा मंजूर करून आणली. बुधवारी पहाटेची एसटी धरून आम्ही चौघी निघालो: कांचन, सुभद्राबाई, मी आणि बाळ. कांचनचा नवरा गजानन आदल्या दिवशीच पुढे जाऊन थांबला होता. गाडीत कांचन खिडकीशी बसली होती. बाळ झोपलं होतं. मी तिला थायमस म्हणजे काय ते सांगत होते आणि ती मधूनमधून प्रश्न विचारत होती. ते कळून घेणारीचे प्रश्न होते, भीतीचे नव्हते. ती ग्रंथी आपोआप लहान होते का? किती वर्षांनी? झोपताना श्वास अडकेल का? शेवटी म्हणाली, "मॅडम, मी शिवणाचं काम करते. कापडाचा पोत बोटाले कळतो. पोरगी रडायची तवा मी बोट ठेवून पायलं होतं. मऊ लागे. मांसाच्या गाठीवाणी नोती लागत. पण हे कोणाले सांगू?"

आठ वाजता सरांच्या खोलीत डॉ. मुळे होते, चार निवासी डॉक्टर होते. मी रेकॉर्डिंगची सीडी लावली. डॉ. मुळ्यांनी ती पाहिली आणि मान हलवली.

"चांगली आहे क्लिप," ते म्हणाले. "पण मी उद्या चिरा द्यायचा की नाही हे एका क्लिपवर ठरवणार नाही. माझ्यासमोर करून दाखवा."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. आम्ही सगळे सोनोग्राफीच्या खोलीत गेलो. सरांनी स्वतः प्रोब घेतला. आणि तिथे तेच झालं जे नेहमी होतं. बाळाला टेबलावर ठेवताच एका निवासी डॉक्टर मुलीने, सवयीने, प्रेमाने, साखरपाण्याची वाटी आणि कापसाचा बोळा पुढे केला. बाळ शांत राहावं म्हणून.

"नका देऊ," कांचन म्हणाली.

ती मुलगी थबकली.

"तिले रडू द्या. तुमी समदे तिले चूप करता, म्हणूनच तुमाले दिसत नाई." ती सरांकडे वळली. "साहेब, साडेपाचला पाजलं हाय. आत्ता साडेआठ होतात. पाच मिनिटं थांबा. आधी कुरकुर करंल, त्यात काही नाई दिसणार. मग जोरानं रडंल. तवा पाहा. दोन रडण्याच्या मधात जाते, तवाबी पाहा."

त्या खोलीत मी तीन वर्षं शिकले होते. तिथे सरांना कोणी काय पाहायचं ते सांगताना मी कधी ऐकलं नव्हतं. सरांनी चष्मा सारखा केला.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही सांगा केव्हा."

आम्ही थांबलो. आठ माणसं, एका बाळाच्या रडण्याची वाट पाहत. बाळाने कुरकुर केली. निवासी डॉक्टरांनी माना पुढे काढल्या. "अजून नाई," कांचन म्हणाली. मग बाळाने टाहो फोडला आणि तिने सरांच्या खांद्याकडे पाहत शांतपणे सांगितलं, "आता."

पडद्यावर ती ग्रंथी वर आली. सरांनी मी केलं होतं तसंच प्रोब खाली नेला, सलगपणा तपासला, मोजमाप घेतलं. मग वाट पाहिली, बाळाने श्वास घेतला, ती खाली गेली. चार वेळा. पाचव्या वेळी त्यांनी प्रोब डॉ. मुळ्यांच्या हातात दिला. "तुम्ही स्वतः बघा."

डॉ. मुळ्यांनी बघितलं. जेल पुसून हात धुतले. वहीत गुरुवारच्या यादीतल्या तिसऱ्या नावावर रेघ ओढली. "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं," ते गजाननला म्हणाले. "वाढलं नाही, श्वासाला त्रास नाही, तर काही करायचं नाही. घरी न्या."

गजाननला एकदम काही समजलंच नाही. तो विचारत राहिला की मग ऑपरेशन कधी. कांचनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. सुभद्राबाई दारात उभी होती. तिने पदराने तोंड झाकलं होतं.

सर कांचनजवळ आले. "तुम्हाला हे पहिल्यांदा कधी दिसलं?"

"दुसऱ्या दिवशी. पहिल्या अंघोळीच्या वेळेस."

सरांनी खिशातून पेन काढून आपल्या सीटीच्या रिपोर्टाखाली पुरवणी लिहिली. मी मागे उभी राहून वाचली. 'सोनोग्राफीने, बाळ रडत असताना, थायमस मानेत सरकत असल्याचे दिसून आले. गाठ नाही. शस्त्रक्रियेची गरज नाही.' आणि पुढे एक वाक्य, असल्या कागदात कधी नसतं असं: 'आईने दिलेली माहिती पहिल्या दिवसापासून अचूक होती.' सही, तारीख. त्यांनी तो कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तुझ्याही रिपोर्टाला पुरवणी जोड." मी तिथेच, त्यांच्या टेबलावर बसून जोडली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. माझ्या सहीचा मला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता, आणि ती सही माझ्या चुकीखाली होती.

त्या वर्षानंतर मी सरांकडे परत गेले नाही. बाँड संपल्यावरही त्याच रुग्णालयात राहिले, ते आजतागायत. मानेच्या तक्रारीचं तान्हं बाळ आलं की आमच्याकडे दोनदा सोनोग्राफी होते, एकदा शांत असताना आणि एकदा रडताना. सरांनी शहरातही तेच सुरू केलं.

दीड वर्षाने राज्याच्या वार्षिक परिषदेत ही केस मांडायचं ठरलं. सर म्हणाले, "तू मांड." क्लिप दाखवायला पालकांची लेखी परवानगी लागते. मी कांचनला फोन केला. मुलगी चालायला लागली होती. सहा महिन्यांच्या तपासणीत ग्रंथी जागेवर होती, रडताना वर यायचीही कमी झाली होती.

"नाव कुठेही येणार नाही," मी तिला सांगितलं. "तसा नियमच आहे. बाळाचं, तुझं, गावाचं, कशाचंच नाही."

"पोरीचं नका लिहू," ती म्हणाली. "तिचं लगन व्हायचं हाय, लोक काय बी म्हणतात. पण माह्यं लिहा."

"तुझं?"

"मयनाभर माह्या घरात मले बयाडी म्हणत होते. गल्लीत म्हणत होते. तुमी बी म्हटलं नं, भास म्हणून. आता कुठंतरी लिहेल पाह्यजे का मले दिसलं होतं."

मी नियम पुन्हा वाचला, सरांशी बोलले, आयोजकांशी बोलले. आडनावाने मुलगी ओळखता येईल, असा त्यांचा आक्षेप होता. शेवटी आडनाव वगळायचं ठरलं. कांचनने तसा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पोस्टाने पाठवला. अक्षर सुरेख, ओळी सरळ.

परिषदेत साडेतीनशे डॉक्टर होते. शेवटच्या स्लाइडवर, जिथे लोक मदत करणाऱ्यांचे आभार मानतात, तिथे मी इंग्रजीत एकच नोंद ठेवली होती. प्रथम निरीक्षण: कांचन, बाळाची आई. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी. तपासणीचं साधन: डोळे आणि बोट.

अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "या बाई नर्स आहेत का?"

"नाही सर. ब्लाउज शिवतात."

"आणि त्यांनी सांगितल्यावर किती दिवसांनी निदान झालं?"

"पंचवीस दिवसांनी."

"इतका उशीर का?"

"तिचं ऐकायला आम्हाला तेवढे दिवस लागले, सर. सगळ्यांत आधी मी ऐकलं नाही."

पहिल्या रांगेत घारपुरे सर बसले होते. ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, एकटेच, आणि मग बाकीचे.

त्या स्लाइडची छापील प्रत मी कांचनला पाठवली. पंधरा दिवसांनी फोन आला. कांचनचा असेल असं वाटलं. सुभद्राबाई होती. तिने कधी मला फोन केला नव्हता, त्यामुळे आधी तिला माझा आवाज ओळखू येईना आणि मला तिचा.

"मॅडम, थो कागद आला," ती म्हणाली. "गजाननानं काचेत बसवून आणला. भाईरच्या खोलीत लावला हाय, येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसंल असा."

"छान केलंत."

"लोक इचारतात, इंग्रजीत काय लिवलं हाय? मले तं वाचता येत नाई." मागे लहान मुलीचा आणि शिलाई मशीनचा आवाज येत होता. "म्या सांगतो त्याइले, मोठमोठ्या डॉक्टराइले जे नाई दिसलं थे जिले दिसलं, तिचं नाव हाय. माही सून हाय ती."